पेअर दर वर्षी फुलतं, फळ मात्र धरत नाही

एप्रिलमध्ये झाड पांढरंशुभ्र, मग खाली पाकळ्यांचा सडा, आणि ऑगस्टमध्ये बघावं तर फांदीवर एकही फळ नाही. परसात सेमी-ड्वार्फ पेअर लावलेल्या आपल्या मराठी घरांतून ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की पुढचं वाक्य मला पाठ झालंय: "आता कुठलं खत घालू?"

कुठलंच नको. दुखणं नेमकं कुठे आहे ते कळेपर्यंत तरी खताच्या पोत्याला हात लावू नका. पेअरच्या बाबतीत खत हा क्वचितच उपाय असतो आणि बऱ्याचदा तेच दुखण्याचं मूळ असतं.

पुढचं सगळं न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि आजूबाजूच्या हवेला धरून लिहितोय. ऑरेगनच्या हूड रिव्हर खोऱ्यात किंवा इंग्लंडात झाड तेच असलं तरी तारखा आणि रोगराई वेगळी, तेवढं मनात धरून वाचा.

खताची ही सवय आपण गावाकडून घेऊन आलोय. डाळिंब, पेरू, संत्रं यांचा बहर आपण धरतो: पाणी तोडून ताण द्यायचा, मग खत घालून पाणी सोडायचं, की मृग बहर म्हणा, आंबे बहर म्हणा, ठरल्यासारखा फुटतो. पेअरला यातलं काही लागू नाही. पुढच्या एप्रिलची फुलकळी आदल्या जून-जुलैतच फांदीत घडायला लागते, आणि तिला जागं करायला हिवाळ्याची थंडी लागते. बार्टलेटसारख्या जातीला ४५ फॅरनहाइटच्या (७ सेल्सिअस) खालची थंडी साधारण ८०० तास किंवा त्याहून जास्त हवी. न्यू जर्सीत ती न मागता मिळते. तेव्हा मार्चमध्ये घातलेलं नत्र त्या वर्षीच्या फुलांच्या कामी येतच नाही, ती गाडी कधीच निघून गेलेली असते. ते सगळं जातं लांबलचक, सरळसोट फांद्यांकडे.

आधी पाहा, झाड कुठवर येऊन अडतं

"फळ येत नाही" या एका वाक्यात पाच वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एक, फूलच येत नाही. दोन, फूल येतं आणि आठ-पंधरा दिवसांत देठासकट गळतं. तीन, मटाराएवढं फळ धरून मग गळतं. चार, लिंबाएवढं झालेलं फळ रातोरात नाहीसं होतं. पाच, फळ हाताशी लागतं, पण कापलं की आत तपकिरी गाळ. पाचांची कारणं निराळी आणि औषधंही निराळी.

म्हणून फुलोरा असताना तीन-चार फांद्यांना रंगीत लोकर बांधून ठेवा आणि दर रविवारी त्याच फांद्यांचे फोनवर फोटो काढा. जुलैमध्ये आठवून सांगायला गेलं की प्रत्येक जण "फुलं आली आणि गळली" एवढंच सांगतो. ती कधी गळली आणि किती मोठी होऊन गळली, यातच निम्मं उत्तर असतं.

फूलच येत नसेल तर

पहिलं वय बघा. ओएचएफ ८७ सारख्या खुंटावरचं (खुंट म्हणजे कलमाखालचं, मुळांचं झाड) कलम लावल्यापासून साधारण चौथ्या ते सहाव्या वर्षी फुलायला लागतं. रोपवाटिकेत मोठ्या कुंडीत वाढलेलं झाड आणलं तरी जमिनीत रुळायला त्याला वेळ लागतोच. तिसऱ्या वर्षी काळजी करण्यासारखं काही नाही.

वय होऊनही फूल नसेल तर फेब्रुवारीत, झाड उघडंबोडकं असताना, फांद्या जवळून न्याहाळा. दोन-तीन वर्षांच्या लाकडावर बोटाच्या पेराएवढ्या आखूड, सुरकुतलेल्या फांदोऱ्या दिसतात. इथले बागवाले त्यांना स्पर म्हणतात. तिच्या टोकाची कळी गोल, फुगीर असेल तर ती फुलकळी. बारीक, टोकदार आणि फांदीला चिकटलेली असेल तर ती पानाची. झाडभर टोकदार कळ्याच असतील तर येत्या एप्रिलमध्ये काही होणार नाही हे आताच कळलं. मग पुढचं काम या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी करायचं.

आता एक मोजणी करा. फांदीच्या शेंड्यापासून बोट मागे सरकवत या, एके ठिकाणी सालीवर बारीक वळ्यांचं कडं लागेल. गेल्या वर्षीची वाढ तिथून सुरू झाली. कड्यापासून शेंड्यापर्यंत मोजा. फळावर आलेल्या वयाच्या झाडाला वर्षाची वाढ ३० ते ४५ सेंटिमीटर पुरे. ६० च्या वर जात असेल तर झाडाला नत्र जास्त होतंय.

"पण मी तर काहीच घालत नाही," असं म्हणाल. हिरवळीला काय घालता? पेअरची मुळं फांद्यांच्या घेराबाहेर बरीच लांब जातात, आणि लॉनच्या खताचं नत्र गवत आणि झाड दोघंही वाटून खातात. त्यात तणनाशक मिसळलेलं लॉनचं खत असेल तर ते झाडाच्या मुळांवर टाकणं आणखी वाईट. झाडाच्या घेराखालचं गवत काढून लाकडाच्या भुशाचं किंवा चिप्सचं आच्छादन घाला, बुंध्यापासून वीतभर लांब ठेवून, आणि लॉनवाल्याला तेवढा भाग सोडायला सांगा. मातीबद्दल शंका असेल तर रटगर्स विद्यापीठाची मातीपरीक्षण प्रयोगशाळा घरगुती नमुने घेते. अंदाजाने पोतं फोडण्यापेक्षा ते बरं.

दुसरं कारण फांद्यांच्या रोखात असतं. पेअर स्वभावानेच उभं वाढतं, सगळ्या फांद्या आभाळाकडे. उभी फांदी लाकूड वाढवते, आडवी झालेली फांदी कळी धरते. म्हणून जूनमध्ये, कोवळी फांदी अजून लवचीक असताना, ती बाहेर ओढून खोडापासून साधारण ५० ते ६० अंशांवर बांधायची. बोटभर लांब फुटीला कपड्यांचा चिमटा खोडाशी अडकवला तरी ती बाहेर वळते. जाड फांदीला जुन्या सुती साडीची पट्टी बांधून जमिनीतल्या खुंटीला ताणा. सुतळी साल कापते, साडीची पट्टी कापत नाही. मात्र फांदी आडवीच्याही खाली झुकवलीत तर तिच्या पाठीवर पाणसोटांची, म्हणजे सरळसोट उभ्या फुटींची, रांग उभी राहते.

पाणसोटांवरून छाटणीचं सांगतो. झाड छपराला टेकलं म्हणून वरून सरसकट कापणं, हे पेअरला फळापासून दूर ठेवण्याचं हमखास साधन आहे. प्रत्येक कापलेल्या टोकाखालून तीन-चार पाणसोट फुटतात आणि पुढच्या हिवाळ्यात तुम्ही ते पुन्हा कापता. हे चक्र वर्षानुवर्षं चालू असलेली झाडं मी पाहिली आहेत, मालक बिचारे नेमाने मेहनत करत असतात. नको असलेली फांदी मुळापासून पूर्ण काढा, दर हिवाळ्यात मोजक्याच काढा, आणि उंची आवरायची असेल तर काही छाटणी जुलै-ऑगस्टमध्ये कोरड्या दिवशी करा. उन्हाळ्यातल्या कापाला झाड तेवढ्या जोमाने उत्तर देत नाही.

उंचीबद्दल बरेच जण फसवलं गेल्यासारखं बोलतात, तर तेही स्पष्ट करतो. सेमी-ड्वार्फ म्हणजे बुटकं नव्हे. ओएचएफ ८७ वरचं झाड पूर्ण वाढीच्या साधारण दोन-तृतीयांश होतं, म्हणजे १२ ते १६ फूट सहज. त्यातही कलमाचा जोड मातीखाली गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा आवर संपतो. जोड म्हणजे बुंध्यावरचा तो किंचित वाकडा फुगवटा, तो जमिनीच्या वर चार बोटं दिसत राहिला पाहिजे. बुंध्याभोवती आच्छादनाचा ढीग रचलेली झाडं कुठल्याही वस्तीत दिसतात, त्यातली काही पेअरची असतात.

आणि त्या जोडाच्या खालून आलेल्या फांदीला काटे असतील तर तो वेगळाच प्रकार. खुंट वर आलाय. कॅलरी (Callery) नावाच्या पेअरच्या खुंटावर हे जास्त दिसतं. वरची जात थंडीने किंवा रोगाने मेली, खालचा खुंट जोमाने वाढला, आणि मालकाला वाटतं झाड वाचलं. असं झाड फुलतंही भरपूर, फळं मात्र गोटीएवढी, तपकिरी, तुरट. जोडाखालची प्रत्येक फूट दिसल्या दिवशी उपटून काढा. वरचं काहीच उरलं नसेल तर त्या खुंटावर नवी काडी भरता येते.

फुलतं पण धरत नाही

मूळ तक्रार ही, आणि दहातल्या बहुतेक घरांत कारण एकच निघतं: झाडाला जोडीदार नाही.

पेअरच्या फुलाला स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही. पराग स्त्रीकेसरावर पडतो, रुजतोही, पण त्याची नळी वाटेतच अडवली जाते, बीजांडापर्यंत पोचत नाही. एकाच जातीची दोन झाडं शेजारी लावली तरी उपयोग शून्य, कारण ती दोन्ही एकाच झाडाची कलमं. ही गोष्ट पक्की कळायला १८९० चं दशक उजाडावं लागलं. व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी बार्टलेटच्या हजारो झाडांची एकजातीची बाग होती, फुलायची भरघोस आणि पीक मात्र येईना. अमेरिकेच्या कृषी खात्यातले मर्टन वेट यांनी तिथे फुलांवर कागदी पिशव्या बांधून वेगवेगळ्या जातींचे पराग लावून पाहिले आणि दुखणं परागाचं आहे हे दाखवलं. फुलांतून पसरणाऱ्या करप्यात (इंग्रजीत फायर ब्लाइट) मधमाश्यांचा हात असतो हेही त्यांनीच दाखवलं. करप्याकडे पुढे येतो.

"आमच्याकडे दोन जाती आहेत" म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. बार्टलेट आणि विल्यम्स ही एकच जात, अमेरिकेतलं नाव एक आणि युरोपातलं दुसरं. रेड बार्टलेट हा बार्टलेटमध्येच आपोआप झालेला रंगाचा बदल, त्यामुळे तो त्याचा जोडीदार होऊ शकत नाही. बार्टलेट आणि सेकेल या खरोखर वेगळ्या जाती, पण त्यांचं आपसात जमत नाही. मॅग्नेस ही जात करप्याला चिवट म्हणून लोक हौसेने लावतात, तिचा पराग वांझ. ती घेते, देत काहीच नाही, म्हणून मॅग्नेस असेल तर बागेत आणखी दोन जाती हव्यात. एका झाडावर चार जातींची कलमं केलेलं झाड असेल तर अशी एक शक्यता असते की जोमदार जातीने बाकीच्यांना सावलीत मारलंय, किंवा छाटणीत त्या फांद्या तुम्हीच काढल्यात. लेबलांवर फार भिस्त ठेवू नका, रोपवाटिकांकडून अदलाबदल होते. फुलण्याची वेळ आणि फळ, हे दोन साक्षीदार खरे.

वेळ महत्त्वाची. हवामानाप्रमाणे फुलोरा आठवडाभर ते दहा दिवस चालतो, त्यात एकेक फूल फळ धरण्याच्या अवस्थेत थोडेच दिवस असतं. आशियाई पेअर, म्हणजे ते सफरचंदासारखे गोल, कुरकुरीत, साधारणपणे युरोपीय जातींच्या आधी फुलतात. ओव्हरलॅप कधी होतो, कधी हुकतो. बार्टलेटला मूनग्लो, हॅरो स्वीट, ब्लेक्स प्राइड यांतली कुठलीही जोडी पाहता येते, आणि या तिन्ही जाती बार्टलेटपेक्षा करप्याला चिवट आहेत. जोडीदार पन्नास फुटांच्या आत असावा.

गल्लीच्या दोन्ही कडांना लावलेल्या ब्रॅडफर्ड पेअरवर विसंबू नका. तो कॅलरीचाच शोभेचा प्रकार, युरोपीय पेअरच्या आधी फुलतो. बार्टलेट उमलेपर्यंत त्याच्या पाकळ्या रस्त्यावर आलेल्या असतात. तसाही त्याचा जमाना संपत आलाय: रानोमाळ पसरतो म्हणून ओहायोने २०२३ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये त्याच्या विक्री-लागवडीवर बंदी आणली.

जोडीदार आहे, वेळही जुळते, तरी फळ नाही? मग माश्या मोजा. फुलोऱ्यात दुपारी एखाद्या फांदीसमोर पाच मिनिटं उभे राहा. पेअरच्या फुलातल्या मकरंदात साखर कमी असते, सफरचंदापेक्षा बरीच कमी, त्यामुळे मधमाशीच्या यादीत पेअरचा नंबर खाली लागतो. हिरवळीत डँडेलियन फुललेलं असेल तर ती तिकडे जाते. फुलोऱ्याच्या आदल्या दिवशी गवत कापून टाका, एवढ्यानेही फरक पडतो. शिवाय साधारण ५५ फॅरनहाइटच्या (१३ सेल्सिअस) खाली आणि पावसात मधमाशी पोळ्याबाहेर पडायला नाखूश असते, आणि आपल्याकडचा एप्रिल नेमका तसाच. मेसन जातीच्या एकांड्या माश्या थंडीत जास्त काम करतात. त्यांच्यासाठी ८ मिलिमीटर तोंडाच्या, वीतभर खोल नळ्यांची जुडी पूर्वेकडे तोंड करून टांगा, शेजारी ओल्या मातीचा खड्डा ठेवा. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, हे सांगायला नको होतं, पण दर वर्षी सांगावं लागतं.

उरलं गोठण. पूर्ण फुलोऱ्यात अर्धा तास २८ फॅरनहाइट (उणे २.२ सेल्सिअस) झालं तर साधारण दहा टक्के फुलं मरतात, २४ ला (उणे ४.४) नव्वद टक्के. मधल्या चार अंशांत अख्खं पीक जातं. फसवणूक अशी की पाकळ्या सकाळी तशाच टवटवीत दिसतात. दुपारी एक फूल नखाने उभं चिरा. मधोमध हिरवं असेल तर ठीक, काळं पडलं असेल तर ते फूल गेलं. अशी वीसेक फुलं वेगवेगळ्या उंचीवरून चिरून पाहा, बऱ्याचदा खालच्या फांद्यांवरची मेलेली आणि शेंड्याकडची जिवंत निघतात, कारण थंड हवा तळाला साचते. रात्रीचा अंदाज २८ च्या आसपास असेल तर जुन्या चादरी जमिनीपर्यंत सोडून झाकता येतील तेवढ्या फांद्या झाका. आत जुन्या पद्धतीच्या, गरम होणाऱ्या ख्रिसमसच्या माळा सोडल्या तर आणखी बरं. एलईडीच्या माळांनी नुसता उजेड पडेल.

या वर्षी निभावून न्यायचं तर

जोडीदार आजच लावला तरी त्याला फुलायला चार-पाच वर्षं. तोवर तीन मार्ग आहेत.

सगळ्यात सोपा मार्ग गुच्छाचा. ज्यांच्याकडे दुसरी जात आहे त्यांच्याकडून उमलायला आलेल्या दोन-चार फांद्या मागून आणा आणि पाण्याच्या बादलीत घालून आपल्या झाडाखाली, उन्हात ठेवा. पाणी बदलत राहा. बाकीचं माश्या करतात. फांद्या निरोगी झाडाच्याच घ्या.

माश्या नसतील तर हाताने. जोडीदाराच्या, उद्या उमलतील अशा टपोऱ्या कळ्या आणायच्या. पाकळ्या खुडल्या की आत लालसर-जांभळ्या परागपिशव्या दिसतात, एका फुलात वीसेक. त्या कंगव्याने कागदावर खरवडून घ्यायच्या आणि रात्रभर घरात, ऊबदार पण ऊन नसलेल्या जागी पसरून ठेवायच्या. सकाळपर्यंत त्या सुकून फुटतात आणि कागदावर फिकट पिवळी भुकटी उतरते. ती बाटलीत भरून मऊ कुंचल्याने आपल्या झाडाच्या ताज्या फुलांना लावायची. फुलाच्या मधोमध पाच बारीक तंतू असतात, पाचांच्याही टोकांना भुकटी लागली पाहिजे. पाचांपैकी दोन-तीनच फळले तर फळ एका बाजूने चेपलेलं होतं. उलट, वाकडं फळ कापून बिया पाहिल्या तर परागाचं काम किती झालं ते नंतरही कळतं. जोडीदार आधी फुलत असेल तर ही सुकलेली भुकटी घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात टिकते. हे हौशी माणसाचं खूळ वाटत असेल तर चीनमधल्या सिचुआन प्रांतात हानयुआनकडे पेअरच्या बागांत लोक झाडावर चढून फूल अन् फूल असंच हाताने लावतात. परसातलं एक झाड तासाभराचं काम.

कायमचा मार्ग म्हणजे त्याच झाडावर दुसऱ्या जातीची फांदी. कोकणात आंब्याची कलमं बांधताना ज्यांनी पाहिली असतील त्यांना यात नवीन काही नाही, पाचर कलमच करायचं. फेब्रुवारीत जोडीदाराच्या गेल्या वर्षीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या घ्या, ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. फळांच्या कप्प्यात नको, सफरचंदांतून निघणाऱ्या वायूने कळ्या मरतात. एप्रिलमध्ये आपल्या झाडाचे डोळे फुगले की उन्हातल्या, वरच्या बाजूच्या फांदीवर पाचर बसवा, सालीखालचा हिरवा थर एका कडेला तरी तंतोतंत जुळवा, पट्टीने आवळा आणि उघडं लाकूड मेणाने बंद करा. काडी फुलायला दोन-तीन वर्षं घेते, नव्या झाडापेक्षा लवकर. त्या फांदीवर पत्र्याची चिठ्ठी जरूर अडकवा. एका ओळखीच्या घरी चांगलं लागलेलं कलम चार वर्षांनी लॉनवाल्याच्या कामगाराने पाणसोट समजून साफ केलं, आणि पुढच्या मे महिन्यात घरातल्या काकू मला विचारत होत्या, "अहो, या वर्षी काय झालं हो?"

धरलेलं गळतं तेव्हा

फुलोऱ्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी थोडी गळ होणारच, झाड स्वतःच ओझं कमी करतं. गळलेली फळं उचलून बघा. सालीवर चंद्रकोरीएवढा बारीक ओरखडा असेल तर ती कर्क्युलिओ नावाच्या भुंग्याची करामत, आत अळी सापडेल. अशी फळं रोज गोळा करून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, झाडाखाली कुजू देऊ नका.

करपा मात्र गंभीर. फुलोऱ्यात ऊबदार, पावसाळी दिवस आले की फुलांचे गुच्छ एकाएकी काळे पडतात, पानं गळत नाहीत, जळल्यासारखी लटकून राहतात, आणि कोवळ्या फांदीचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वाकतं. दमट सकाळी सालीवर डिंकासारखे थेंबही दिसतील. हा जिवाणूचा रोग आहे, बुरशीनाशकांचा त्यावर उपयोग नाही. दिसल्याबरोबर, कोरड्या दिवशी, काळ्या भागाच्या खाली निरोगी लाकडात फूटभर जाऊन कापा, दर कापानंतर कात्री ७० टक्क्यांच्या अल्कोहोलने पुसा. बुंध्याकडे सरकला तर झाड हातचं जातं. आणि हा जिवाणू सगळ्यात जोरात कशात चालतो? नत्र खाऊन फोफावलेल्या कोवळ्या फुटीत. फळ नाही म्हणून खत, खताने फूट, फुटीत करपा: बार्टलेट आणि बॉस्कची कित्येक झाडं या साखळीत गेली आहेत.

एक वर्ष लगडलं आणि पुढच्या वर्षी कोरडं, अशी तक्रार असेल तर विरळणी करत नाही आहात. वाढत्या फळांतल्या बिया पुढच्या वर्षीच्या फुलकळीला आडकाठी करतात. फुलोऱ्यानंतर महिन्याभराच्या आत प्रत्येक गुच्छात एकच फळ ठेवा आणि दोन फळांत वीतभर अंतर. जीव तुटतो खरा, पण कात्री चालवा.

रातोरात नाहीसं होतं

खारी. जुलैत कच्चीच फळं तोडतात, एक घास घेतात आणि टाकतात. फळांना ऑर्गंझाच्या पिशव्या बांधल्या तर किडे थांबतात, खार थांबत नाही. खोड इतर झाडांपासून आणि कुंपणापासून आठ-दहा फूट मोकळं असेल तरच पत्र्याचं कडं उपयोगी पडतं. हरणांना मात्र उंच जाळी हाच उपाय.

आतून सडलेलं निघतं

युरोपीय पेअर झाडावर पिकू द्यायचं नसतं. ते आतून बाहेर पिकतं, बोटाला मऊ लागेपर्यंत गाभा गेलेला असतो. ऑगस्टच्या मध्यापासून बार्टलेटचं एखादं फळ तळहातात धरून आडवं करून पाहा. देठ फांदीपासून कट्कन सुटला तर काढणीची वेळ झाली. फळ तेव्हा हिरवं आणि टणक असेल, असू दे. दोन-चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग ओट्यावर ठेवलं की आठवड्याभरात देठाजवळ दाबलं असता किंचित दबेल, तेव्हा खायचं. आँजूसारख्या उशिराच्या जातींना फ्रिजमध्ये महिना-दोन महिने लागतात. आशियाई पेअरचं उलट, ते झाडावरच पिकवून तोडायचं.

पुण्या-नाशकाकडून विचारणाऱ्यांसाठी: बार्टलेट तिकडे लावू नका. डिसेंबरातल्या पहाटे गारठा असतो, पण ७ सेल्सिअसच्या खालचे शेकडो तास कुठून आणणार? उत्तरेत काश्मीर आणि हिमाचलात पेअर होतं, पंजाबच्या मैदानात पत्थरनाखसारख्या कमी थंडीच्या जाती होतात, पण तिथला जानेवारीही पुण्यापेक्षा चांगलाच थंड. परसात मऊ, गोड फळ हवं असेल तर पुरंदरच्या अंजिराचं कलम आणा. त्या अंजिराला जोडीदार लागत नाही.